रस्त्याकडे पाठ केलेलं घर

कतारहून परत आल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, "स्टेडियम पाहिलीस का?" पाहिली, पण गाडीच्या काचेतून, आणि तीही अर्धवट बांधलेली. नाशिकला मी आयुष्यभर घरांचे नकाशे काढत आले, म्हणून लोकांना वाटतं की तिथलं नवं बांधकाम बघून माझे डोळे दिपले असतील. इमारती डोळे दिपवणाऱ्या आहेत खऱ्या, पण त्या मुक्कामात मी आतून-बाहेरून पाहिलं ते एकच घर. तेही जुनं, पडकं आणि दुकान व्हायच्या वाटेवर असलेलं. त्याच्याबद्दलच लिहिते आहे.

अल मुंतझा

माझा धाकटा भाऊ सुनील दोह्यात एका कंत्राटदाराकडे इंजिनिअर आहे. त्याची बायको माधवी तिथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. "ताई, हिवाळ्यात ये, नाहीतर भाजून निघशील," असं तो दरवर्षी म्हणायचा. या वेळी गेले. विमानतळावरून घरी येताना तो तीनदा रस्ता चुकला. इतकी वर्षं राहिलेल्या गावात हा चुकतो कसा, म्हणून मी बघतच राहिले.

"चुकत नाही गं, रस्ताच जागेवर नसतो," तो म्हणाला. "काल इथून डावीकडे वळता येत होतं. वर्ल्ड कप होईपर्यंत हे असंच."

खरंच, सारं शहर उकरून ठेवलं होतं. पिवळे अडथळे, क्रेन, धूळ, आणि त्या धुळीत बसची वाट बघत ओळीने बसलेले हेल्मेटवाले कामगार. मुंतझातल्या सुनीलच्या इमारतीखाली एक छोटं कॅफेटेरिया आहे. लोक गाडीतूनच हॉर्न वाजवतात आणि आतला माणूस वेलदोड्याचा घट्ट, गोड करक चहा आणून देतो. नाशिकला असा हॉर्न वाजवला असता तर चहाऐवजी शिव्या बाहेर आल्या असत्या. इथे तो माणूस हसत येतो आणि सुनीलला विचारतो, "सर, आज सिस्टर भी है, एक और?"

माझी भाची ईरा बारा वर्षांची आहे. मी मराठीत बोलायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघींचंही छान चालायचं.

रात्रीच्या जेवणाला माधवीने मेथीची भाजी केली होती, पण सुनील पानावर नुसता बसून होता. मी विचारल्यावर माधवीनेच सांगितलं, "त्यांचं ते जुनं घर आडवं आलंय."

घर एका जुन्या व्यापाऱ्याचं. मालकी अजून कुटुंबाकडेच होती. साबण आणि अत्तरं विकणाऱ्या एका इंग्रजी कंपनीने ते दुकानासाठी भाड्याने घेतलं होतं, आणि दुरुस्तीचं काम सुनीलकडे होतं. कंपनीला रस्त्याच्या बाजूला एक भलीमोठी काचेची खिडकी हवी होती. जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या खात्याचं म्हणणं, भिंत फोडू देणार नाही. अगदीच फोडायची तर खांबांना धक्का लावायचा नाही, आणि घरमालकांची लेखी संमती आणायची. कंपनी म्हणत होती, खिडकी नसेल तर दुकान नको.

"आणि दुकान नको झालं तर?" मी विचारलं.

"तर काम खलास. आमचे साहेब म्हणाले, या कामासाठीच तुला ठेवलंय. हे काम गेलं तर माझा व्हिसाही गेला." तो ईराकडे बघून थांबला. ती कानात हेडफोन घालून जेवत होती. मग हळू आवाजात म्हणाला, "तिची शाळा अर्ध्यावर आहे, ताई."

जुन्या बाजारामागे

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर घर बघायला गेले. जवळ पोचले तरी मला ते दिसेना. एक लांब, मातकट रंगाची भिंत होती, एवढंच. एका टोकाला सागवानी दार, दाराशेजारी गज लावलेल्या, अगदी जमिनीलगतच्या दोन बुटक्या खिडक्या. बाकी साऱ्या भिंतीला एक भोक नाही. रस्त्याकडे पाठ करून बसलेल्या माणसासारखं ते घर होतं.

दारातून आत शिरलं की समोर पुन्हा भिंतच. तिथून वळायचं, मग अंगण दिसतं. दार सताड उघडं राहिलं तरी रस्त्यावरच्या माणसाला घरातलं काही दिसू नये, म्हणून ही योजना. अंगणाच्या चारी बाजूंनी खोल्या, एका बाजूला वर माडी, मधोमध बोराचं एक जुनं झाड. घराची सारी दारं-खिडक्या या अंगणाकडे बघत होती. बाहेर यंत्रांची घरघर चाललेली असताना अंगणात मात्र चिमण्यांचा आवाज ऐकू येत होता.

खोल्या लांबलचक, पण रुंदीला विलक्षण अरुंद. असं का, ते मी वर बघितल्यावर कळलं. छत तिवराच्या वाशांचं होतं. वाशांवर बांबूच्या पट्ट्या, त्यांच्यावर झावळ्यांची चटई, आणि वर मातीचा जाड थर. हे वासे एकेकाळी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गलबतांतून यायचे. वासा जेवढा लांब, तेवढीच खोली रुंद. कुठल्याशा दूरच्या खाडीतल्या झाडाच्या उंचीने इथल्या माणसांच्या बैठकीचं माप ठरवलं होतं. असं काही दिसलं की मी बराच वेळ तिथून हलत नाही. सुनील म्हणाला, "यल्ला, चल ताई, जेन वाट बघतेय."

जेन म्हणजे त्या इंग्रजी कंपनीची डिझायनर. चाळिशीची, उन्हाने लाल झालेली, अंगणात एका उलट्या बादलीवर बसून सँडविच खात होती. मी सुनीलची बहीण आणि मीही याच व्यवसायातली म्हटल्यावर तिने बसायला दुसरी बादली पुढे केली. मला ती आवडली. तिच्याशी भांडायच्या तयारीने गेले होते, त्यामुळे जरा पंचाईत झाली.

खिडकी एवढी मोठी कशाला, असं मी विचारलं तेव्हा तिने टॅबलेटवर कंपनीचं पहिलं दुकान दाखवलं. इंग्लंडमधल्या एका गावातलं, दोनअडीचशे वर्षांपूर्वीचं घर. एकाला एक चिकटून उभ्या असलेल्या घरांच्या ओळीतलं. रुंदीला जेमतेम एक खोली आणि एक जिना, पण उंचीला चार मजले आणि खाली तळघर. रस्त्यापासून चार पायऱ्या चढून दार, दारावर अर्धगोल काच, बाजूला लोखंडी कठडा.

"खिडक्या बघ," जेन म्हणाली. "खालच्या मजल्यावर मोठ्या. पहिल्या मजल्यावर सगळ्यांत उंच, कारण तिथे दिवाणखाना. वर जाशील तशा लहान. अगदी वरच्या इवल्याशा, तिथे नोकर झोपायचे. रस्त्यावर उभं राहून तुला सांगता येईल, कुठल्या खोलीत कोण राहायचं."

मग कधीतरी, मालक बदलल्यावर, खालची पुढची खोली दुकान झाली. तिथल्या दोन खिडक्या काढून बाहेर पोट काढलेली, छोट्या छोट्या काचांची एकच मोठी खिडकी बसवली. आत मात्र फार काही बदललं नाही. शेकोटीच्या कोनाड्यात साबणाच्या वड्या रचलेल्या. छताच्या कडेची चुन्याची वेलबुट्टी तशीच. जिन्याचा कठडा हातांनी घासून गुळगुळीत झालेला, आता त्याला धरून गिऱ्हाइकं दिवाणखान्यात अत्तरं बघायला चढतात.

"त्या घराला दुकान होणं सोपं गेलं," मी म्हटलं. "ते आधीपासूनच रस्त्याला स्वतःला दाखवत होतं. दिवे लावून, पडदे सारून. नुसती खिडकी रुंद करायची होती. हे घर तसं नाही. याचा सारा जीव आत आहे. तू बाहेरची भिंत फोडलीस तर हे घर उरणारच नाही."

जेनने सँडविचचा कागद घडी करून खिशात ठेवला. "मलाही ते दिसतं," ती म्हणाली. "पण बंद भिंतीच्या दुकानात कोण येईल? दुकान चाललं नाही तर दोन वर्षांत इथे कुलूप लागेल. कुलूपबंद घराचं काय होतं, ते तुला सांगायला नको."

आमच्या नाशिकच्या भांडी बाजारातल्या घरांचं बरं होतं. पुढे दुकान, मागे संसार, भांडण मिटलं. इथे पुढे आणि मागे असं काही नव्हतंच. आत आणि बाहेर होतं.

अल खोर

घरमालक खालिद नावाचा पन्नाशीचा गृहस्थ. त्याने संमती द्यायची तयारी दाखवली, पण एका अटीवर: "घर माझ्या आईच्या वडिलांनी बांधलं. ती तिथेच जन्मली. तिला विचारा." त्याची आई उत्तरेला, अल खोरला राहत होती. सुनील जाऊन बायकांच्या बैठकीत बसू शकत नव्हता. म्हणून शुक्रवारच्या नमाजानंतर जेन आणि मी जायचं ठरलं. सुनीलने आम्हाला गाडीतून नेलं.

रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना सपाट, फिकट वाळवंट. मध्येच एक प्रचंड तंबू दिसला. तंबू नव्हता, तंबूच्या आकाराचं स्टेडियम होतं. अल खोरजवळ समुद्राला लागून तिवरांची झाडी आहे, हिरवीगार, गुडघाभर पाण्यात उभी. मी गाडी थांबवायला लावून बघून आले. झाडं माझ्या डोक्यापेक्षा फार उंच नव्हती. या बुटक्या झाडांचे वासे होणार नाहीत, म्हणून तर ते आफ्रिकेतून आणावे लागत.

सुनीलला पुरुषांच्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, नेलं, आम्हाला आत. खालिदची आई ऐंशीच्या आसपासची, किरकोळ बांध्याची, काळ्या, पायघोळ अबायात, पायात लोकरी मोजे. सगळे तिला उम्म खालिद म्हणत, म्हणजे खालिदची आई. माझ्याकडे बघून तिने सरळ हिंदीत विचारलं, "तुम मुंबई?"

"नाशिक. मुंबई के पास."

"मेरा बाबा मुंबई जाता था. लकडी लाता था. हम घर में हिंदी सीखा, थोडा थोडा." मग तिने विचारलं, "तुम्हारा बेटा?"

"एक बेटी. गौरी."

"तो तुम उम्म गौरी," तिने ठरवून टाकलं. माहेर-सासरची नावं सांभाळत साठीला आलेल्या मला हे नाव एकदम आवडलं.

मग जेवण आलं. परातीएवढ्या ताटात मसालेदार भात, त्यावर अख्खं कोकरू. मी मांस खात नाही म्हटल्यावर तिने काळजीने माझ्या कपाळाला हात लावला. "बीमार?" बीमार नाही, आवड नाही, हे तिला पटायला वेळ लागला. आत निरोप गेला आणि माझ्यासाठी वेगळी बशी आली: वेलदोडा आणि केशर घातलेल्या गोड शेवया, आणि त्यांच्यावर पसरलेलं ऑम्लेट. मी अंडं खाते, पण गोड शेवयांबरोबर कधी खाल्लं नव्हतं. पहिला घास भीतभीत घेतला. बशी संपवली तेव्हा उम्म खालिद समाधानाने मान हलवत होती.

खिडकीची गोष्ट जेनने तिला टॅबलेटवर समजावली, मी हिंदी केलं. मी हिंदी करताना माझं मतही त्यात मिसळत होते, हे कबूल करायला हवं. "दीवार तोडनी पडेगी," हे मी जरा जास्तच दुःखी आवाजात म्हटलं.

तिने चित्र डोळ्यांजवळ धरून बघितलं. होही म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. "घर देखना है," एवढंच म्हणाली. "बहुत साल नहीं देखा."

परतीच्या वाटेवर सुनील गाडी दामटत होता. शेवटी म्हणाला, "म्हातारी आत आली, रडली, की झालं. कोण भिंत फोडू देईल?" मला त्याचं वाईट वाटत होतं, आणि मनातून हीच आशाही वाटत होती. दोन्ही एकाच वेळी.

पुन्हा त्या घरात

उम्म खालिद दोन दिवसांनी सकाळी आली. सुनीलने सगळ्या कामगारांना बाहेर पाठवलं आणि स्वतःही रस्त्यावर जाऊन उभा राहिला. आत आम्ही तिघीच. खालिद गाडीत.

ती रडली नाही. माझ्या दंडाला धरून ती भराभर चालत होती, बाजारात भाजी बघावी तशी खोल्या बघत. इथे आजोबा निजायचे. इथे मासे सुकवायचे. हे बोर आम्ही मीठ लावून खायचो. कुटुंब नव्या, एसीच्या घरात गेल्यावर बरीच वर्षं इथे भाड्याने कामगार राहिले होते. त्यांच्या स्टोव्हची काजळी आणि कपड्यांच्या दोऱ्यांचे खिळे अजून भिंतींना होते. ते बघून तिने विचारलं, "एक खोली में कितना आदमी?" मी माहीत नाही म्हणून मान हलवली. उम्म खालिद खिळ्यांवरून बोट फिरवत पुढे गेली.

मागच्या बाजूला, गल्लीला लागून, बायकांची खोली होती. तिथे ती थांबली. भिंतीत अगदी वर, छताच्या खाली, वाऱ्यासाठी मुठीएवढं एक भोक होतं.

"मैं और मेरी बहन," ती म्हणाली, "चावल का बोरी, उसके ऊपर और बोरी, उसके ऊपर मैं. वहाँ से रस्ता देखता था. एक आँख से. फिर बहन का बारी. बोरी गिरा, मेरा हाथ टूटा." तिने बाही वर करून कोपर दाखवलं. ते जरा वाकडं होतं. "माँ ने मारा भी."

"क्या दिखता था?" मी विचारलं.

"कुछ नहीं. गधे का कान. आदमी का सिर." ती माझ्याकडे वळली. "शादी तक वही देखा. तुम को दीवार अच्छा लगता है, उम्म गौरी. तुम बाहर से आया."

हे तिने रागाने म्हटलं नाही. या भिंतीतली शांतता मी अंगणात तासभर बसून अनुभवली होती, आणि ती खोटी नव्हती. पण मला केव्हाही उठून दाराबाहेर जाता येत होतं.

जेनने आशेने टॅबलेट काढला. "म्हणजे खिडकी चालेल त्यांना?" तिने विचारलं, मी हिंदी केलं. उम्म खालिदने चित्रावर बोट ठेवलं. "ये किधर? मजलिस में? नहीं. उधर आदमी लोग का खिडकी पहले से था, दो-दो. इधर बनाओ." आणि तिने गल्लीकडच्या भिंतीवर तळहात ठेवला.

मी सुनीलला हाक मारली. तो चेहरा पाडूनच आला. आम्ही दोघांनी मिळून भिंत ठोकून बघितली. दाराशेजारच्या मजलिसच्या, रस्त्याकडच्या भिंतीत कंपनीला हवी तेवढी खिडकी काढायची तर दोन खांब कापावे लागणार होते, आणि नेमकं तेच खात्याला मान्य नव्हतं. पण ही सारी घरं बांधायची पद्धतच अशी की भार खांबांवर, आणि दोन खांबांच्या मध्ये समुद्रातल्या दगडाचे नुसते पातळ तुकडे उभे करून गिलावा केलेला. गल्लीकडच्या भिंतीवर ठोकल्यावर ढब्ब असा पोकळ आवाज आला. दोन खांबांमधलं पातळ भिंतीचं ते एक पान काढलं, तर दारापेक्षा थोडी रुंद, माणसापेक्षा उंच अशी जागा मोकळी होत होती. कुठल्याही खांबाला हात न लावता. मी तिथल्या तिथे एका सिमेंटच्या पिशवीवर पेन्सिलीने काढून दाखवलं.

"पण ही गल्ली आहे," जेन म्हणाली. "रस्ता पलीकडे."

"ते अडथळे निघाले की मेट्रोकडून बाजारात चालत येणारे सगळे याच गल्लीतून येणार," सुनील म्हणाला. बऱ्याच दिवसांनी त्याच्या आवाजात जीव होता. "नकाशा माझ्याकडे आहे."

जेन मात्र खुशीत नव्हती. संध्याकाळी सुनीलच्या घरी तिने आमच्यासमोरच इंग्लंडला फोन लावला. पलीकडचा माणूस नाही म्हणत होता, ते आम्हाला ऐकू येत होतं. कंपनीची सगळी दुकानं त्या पहिल्या घराच्या खिडकीवरूनच ओळखली जातात, असं त्याचं म्हणणं. जेनने सगळं ऐकून घेतलं आणि मग ती म्हणाली, "त्या खिडकीचं माप कुणी ठरवलं? त्या घराच्या दोन भिंतींमधल्या अंतराने. हे घर त्याचं माप सांगतंय, तेवढंच घेऊ या." फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "बहुतेक नोकरी गेली." सुनील म्हणाला, "माझीही." दोघं हसले. मग आम्ही खाली जाऊन करक प्यायलो.

उत्तर यायला आठवडा लागला. तेवढ्या दिवसांत सुनीलचं वजन उतरलं, आणि माधवी रोज देवापुढे दिवा लावताना जरा जास्त वेळ उभी राहायची. शेवटी होकार आला, कुरकुरत. मजलिसच्या दोन बुटक्या खिडक्या दिवसभर उघड्या ठेवायच्या आणि आत दिवे लावायचे, ही त्यांची अट. खात्याच्या इंजिनिअरने जागेवर येऊन खांब तपासले आणि सही केली. सुनीलने घरी फोन केला, तेव्हा ईराने उचलला. "बाबा सेज वी आर स्टेइंग," तिने आम्हाला सांगितलं आणि शांतपणे हेडफोन पुन्हा कानात घातले. तिला सगळं ठाऊक होतं तर.

गल्लीकडची खोली

माझ्या परतीच्या आदल्या दिवशी ते पान काढलं. खाली सरळ कापून, वरच्या बाजूला आधार देऊन, दोघा गवंड्यांनी दगडाचे पातळ तुकडे एकेक करून उतरवले. धूळ बसली आणि त्या अरुंद खोलीत संध्याकाळचं ऊन थेट समोरच्या भिंतीपर्यंत गेलं. काजळी, खिळे, गिलाव्यातल्या भेगा, सगळं उजळून निघालं. भिंतीच्या बाबतीत मी हरले होते खरी. अंगणातली शांतता आता पूर्वीसारखी राहणार नव्हती, बाहेरची घरघर खोलीतून आत येत होती. ते मला दिसत होतं, आणि तरीही ते पान पुन्हा जागेवर बसवा, असं माझ्या मनात आलं नाही.

उम्म खालिदला निरोप गेला होता. ती आली, तिने प्लॅस्टिकची एक खुर्ची मागवली आणि त्या मोकळ्या जागेसमोर बसली. काच अजून यायची होती. गल्लीत एक हातगाडीवाला खोकी ढकलत होता. दोन नेपाळी कामगार भिंतीला टेकून कागदी पेल्यातून चहा पीत होते. एक मांजर रस्ता ओलांडून गेलं. कुणीतरी मल्याळममध्ये फोनवर भांडत होतं.

ती बराच वेळ बघत होती. मग माझ्याकडे न वळताच म्हणाली, "बस, इतना ही था?"

जेनने मला अर्थ विचारला, मी सांगितला. ती खाली बघून हसली.

सूर्यास्ताची, मगरिबची अजान झाली. खालिदने गाडीतून फोन केला. "येते," असं काहीसं तिने अरबीत सांगितलं आणि फोन मांडीवर ठेवला. थोड्या वेळाने त्याने पुन्हा केला. तिने पुन्हा तेच सांगितलं, आणि खुर्ची दोन्ही हातांनी धरून आणखी थोडी पुढे ओढली.